आपल्या पंचक्रोशीतली कोणती झेडपी शाळा चांगली? भिंतीचा रंग बघू नका, हे बघा

जून तोंडावर आला की आमच्याकडं दोनच विषय असतात. पाऊस कधी येणार आणि लेकरू कुठल्या शाळेत टाकायचं. परवा पारावर भावकीतला एक जण भेटला. त्याचं पोरगं यंदा दुसरीत जाणार. म्हणाला, "दादा, तुम्ही बातम्या लिहिता, तुम्हाला माहीत असंल. आपल्या गावची शाळा बरी, का वस्तीवरची, का सरळ केंद्रशाळेत टाकू?"

खरं सांगायचं तर मला उत्तर देता आलं नाही. इतकी वर्षं शाळांच्या बातम्या दिल्या. वर्गखोलीचं भूमिपूजन, टॅब वाटप, निरोप समारंभ, सगळं छापलं. पण या शाळेत लेकरं शिकतात किती आणि त्या शाळेत किती, हे कधी शेजारी-शेजारी ठेवून बघितलं नव्हतं. माझी स्वतःची मुलगी गावच्या शाळेत तिसरीत होती, तरी नाही.

म्हणून एप्रिलमध्ये, रानातलं काम कमी असताना, मुख्याध्यापकांची परवानगी घेऊन आमच्या भागातल्या तीन जिल्हा परिषद शाळा बघितल्या. एक गावठाणातली, पहिली ते चौथी. दुसरी दीड किलोमीटरवरची वस्तीशाळा, तीही चौथीपर्यंत. तिसरी तीन किलोमीटरवरची केंद्रशाळा, पहिली ते आठवी. शाळांची नावं देत नाही, कारण कुणाची बदनामी करायची नाही. बीड जिल्ह्यात असं त्रिकूट जवळपास प्रत्येक पंचक्रोशीत सापडतं. तुम्ही तुमच्या गावात हेच कसं करायचं, ते सांगतो.

आधी यू-डायस नंबर घ्या

प्रत्येक शाळेला ११ आकडी यू-डायस नंबर असतो. शाळेच्या दर्शनी भिंतीवर किंवा फलकावर तो लिहिलेला असतो. पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचे २७. पुढचे दोन जिल्ह्याचे, मग दोन तालुक्याचे, तीन गावाचे आणि शेवटचे दोन शाळेचे. यू-डायस प्लसच्या सरकारी संकेतस्थळावर शाळेची माहिती मोबाईलवर बघता येते. पट किती, शिक्षक किती, खोल्या किती, शौचालय, पाणी, वीज, सगळं तिथं असतं.

दोन गोष्टी ध्यानात ठेवा. एक म्हणजे ही माहिती शाळाच भरते. त्यामुळं "मुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृह : आहे" असं दिसलं तर जाऊन बघा, त्याला दार आहे का, पाणी आहे का, का कुलूप आहे. दुसरी म्हणजे एकाच वर्षाचा आकडा बघू नका. तीन-चार वर्षांचा पट बघा. पट घसरतोय का टिकून आहे, त्यावरून गावाचा शाळेवर भरवसा किती ते कळतं.

शिक्षक किती, आणि वर्ग किती

शिक्षण हक्क कायदा २००९ चा. लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. पहिली ते पाचवीसाठी त्यातला हिशेब असा आहे : ६० मुलांपर्यंत २ शिक्षक, ६१ ते ९० ला ३, ९१ ते १२० ला ४, १२१ ते २०० ला ५. पट १५० च्या वर गेला की मुख्याध्यापक वेगळा. सहावी ते आठवीला ३५ मुलांमागं एक शिक्षक, आणि गणित-विज्ञान, भाषा, समाजशास्त्र यांना किमान एकेक शिक्षक पाहिजे.

आता आमच्या तीन शाळा बघा.

गावची शाळा : पट ४६, शिक्षक २. म्हणजे एका शिक्षकामागं २३ मुलं.
वस्तीशाळा : पट १७, मंजूर शिक्षक २. पण एक गुरुजी प्रतिनियुक्तीवर दुसरीकडं, म्हणजे हजर एकच. एका शिक्षकामागं १७ मुलं.
केंद्रशाळा : पट २१२, मंजूर ८, हजर ६. एका शिक्षकामागं ३५ मुलं.

नुसता हा आकडा बघितला तर वस्तीशाळा सगळ्यात चांगली वाटते. पण वस्तीवर एकच गुरुजी चार वर्ग सांभाळतात. पहिलीला अक्षर गिरवायला लावायचं, तोवर चौथीला भागाकार द्यायचा, मधेच ऑनलाइन माहिती भरायची. गावच्या शाळेत एका बाईंकडं दोन वर्ग. केंद्रशाळेत मुलं जास्त, पण खालच्या वर्गांना जवळपास वर्गाला एक शिक्षक मिळतो. म्हणून दोन्ही हिशेब करा : एका शिक्षकामागं मुलं किती आणि एका शिक्षकामागं वर्ग किती. माझ्या मते लहान शाळांत दुसरा हिशेब जास्त महत्त्वाचा.

आणखी एक विचारायचं. गेल्या वर्षात गुरुजी किती दिवस शाळेबाहेरच्या कामात होते? मतदार यादी, सर्वेक्षण, प्रशिक्षण, तालुक्याच्या बैठका. कायद्यानं पहिली ते पाचवीला वर्षाला किमान २०० दिवस आणि सहावी ते आठवीला २२० दिवस शाळा भरली पाहिजे. पण शाळा भरणं आणि शिकवणं होणं यात फरक आहे. दोन शिक्षकी शाळेतला एक बाहेर गेला की त्या दिवशी ती एकशिक्षकी शाळा होते.

लेकरांना वाचता येतं का, ते स्वतः बघा

हा सगळ्यात कामाचा भाग, आणि आपण पालक हाच टाळतो. त्याला मोठी परीक्षा लागत नाही. 'प्रथम' संस्था २००५ पासून 'असर' नावाची पाहणी करते. त्यात खेड्यातल्या घरोघरी जाऊन लेकरांचं वाचन आणि गणित बघतात. तीच रीत आपल्याला वापरता येते. वाचनात पाच पायऱ्या : काहीच नाही, अक्षर, शब्द, पहिलीच्या पातळीचा उतारा, दुसरीच्या पातळीची गोष्ट. गणितात आधी एक ते नऊ अंक ओळखणं, मग दोन अंकी संख्या ओळखणं, मग हातच्याची दोन अंकी वजाबाकी, मग तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येनं भागणं.

केंद्र सरकारनं जुलै २०२१ मध्ये निपुण भारत सुरू केलं. तिसरी संपेपर्यंत प्रत्येक लेकराला समजून वाचता यावं आणि साधं गणित यावं, हे त्याचं ध्येय, मुदत २०२६-२७. म्हणून मी तिसरीचाच वर्ग धरला. एक लहान गोष्ट आणि दोन वजाबाक्या कागदावर लिहून नेल्या. एकेका लेकराला बाजूला बसवून विचारलं. सगळ्या वर्गासमोर उभं करून विचारू नका, येणारं लेकरूसुद्धा बावरतं.

निकाल असा : गावच्या शाळेत तिसरीत ११, हजर ९. गोष्ट वाचली ५ जणांनी. वस्तीवर तिसरीत ५, पाचही हजर. वाचली ४ जणांनी. केंद्रशाळेत हजर २४, वाचली ११ जणांनी.

झालं, म्हणालो वस्तीची शाळा एक नंबर, केंद्रशाळा ढेपाळली. मोठी इमारत, डिजिटल वर्ग, आणि निम्म्यांनाही वाचता येईना. बातमीचा मथळासुद्धा डोक्यात तयार झाला होता.

आकडा खोटा नव्हता, पण पुरा नव्हता

केंद्रशाळेच्या बाईंनी हजेरीचं रजिस्टर पुढं ठेवलं. म्हणाल्या, "भाऊ, हे बघा आणि मग लिहा." त्या २४ मधली ७ लेकरं दिवाळीनंतर आईबापांबरोबर उसाच्या फडावर गेली होती आणि नुकतीच परत आली होती. शेजारच्या तांड्यावरची बहुतेक कुटुंबं कोयत्यावर जातात. मुकादमाची उचल घेतलेली असते, घरी सांभाळायला कुणी नसतं, लेकरू बैलगाडीत बसून जातं. वर्षातले चार-पाच महिने शाळाच नाही. त्यात घरात गोरमाटी बोललं जातं, मराठी त्यांची शाळेतलीच भाषा.

मग मी दोन ढीग केले. वर्षभर शाळेत बसलेली १७, त्यातल्या १० जणांनी गोष्ट वाचली. फडावरून आलेली ७, त्यातल्या एकीनं. म्हणजे वर्षभर बसलेल्यांचा हिशेब धरला तर केंद्रशाळा १७ पैकी १० आणि आमच्या गावची शाळा ९ पैकी ५. उन्नीस-बीसचाच फरक, आणि तो गावच्या बाजूनं नाही.

शिवाय आमच्या गावच्या शाळेत गैरहजर होती ती दोन लेकरंसुद्धा फडावरच होती, अजून परत आली नव्हती. ती असती तर आमचाही आकडा खाली आला असता. आणि वस्तीवर? तिथं विहिरी-बोअरवाले शेतकरी राहतात, कुणी कारखान्याला जात नाही. लेकरं वर्षभर घरी, संध्याकाळी कुणीतरी अभ्यास घेणारं. वर पाचच लेकरं. पाचातलं एक त्या दिवशी तापानं झोपलं असतं तरी निकाल बदलला असता. चार-पाच मुलांच्या वर्गाचे टक्के काढू नयेत.

वस्तीवरचे गुरुजी मनापासून शिकवतात, त्यात शंका नाही. पण शाळेचा निकाल म्हणजे निम्मा घराचा निकाल असतो. ज्या शाळेत ऊसतोड कामगारांची लेकरं जास्त, तिचा आकडा खालीच दिसणार. तिला त्यासाठी नापास ठरवणं म्हणजे गरिबाची लेकरं घेतली म्हणून शिक्षा देणं. म्हणून बघायचं ते हे : सुरुवातीला लेकरू कुठं होतं आणि वर्षाखेरीला कुठं आलं. अक्षरावरचं शब्दावर आलं का, शब्दावरचं उताऱ्यावर आलं का.

आपल्या जिल्ह्यात शाळा तोलताना आणखी एक प्रश्न विचारलाच पाहिजे. दिवाळी ते पाडवा या काळात किती लेकरं गावात थांबली? हंगामी वसतिगृह सुरू झालं का, कधी सुरू झालं? टोळ्या गेल्यावर वसतिगृह मंजूर झालं तर उपयोग काय? आणि जी लेकरं गेली त्यांना शिक्षण हमी कार्ड दिलं का, म्हणजे कारखान्याच्या गावात त्यांना शाळेत बसता येतं. जी शाळा टोळ्या निघायच्या आधी घरोघर जाऊन आजी-आजोबांना लेकरू ठेवून घ्यायला लावते, ती माझ्या लेखी चांगली शाळा. मग तिच्या भिंतीला रंग असो नसो.

स्कॉलरशिपचा बोर्ड वाचताना

शिष्यवृत्ती परीक्षेचे आणि नवोदयचे फोटो शाळेबाहेर लागतात. चांगलंच आहे, गुरुजींची मेहनत असते. पण बोर्डावर निवड झालेली तीन नावं असतात. वर्गात किती होते, परीक्षेला किती बसवले, हे नसतं. तीन लेकरांना जादा तास आणि पंधरा लेकरं मागच्या बाकावर, असंही होतं. तुमचं लेकरू मधल्या फळीतलं असेल, बहुतेकांची तशीच असतात, तर शाळा मधल्या आणि मागच्या लेकरांचं काय करते ते बघा.

खिचडी, पाणी आणि रस्ता

पोषण आहारात पहिली ते पाचवीला रोज १०० ग्रॅम आणि सहावी ते आठवीला १५० ग्रॅम धान्य धरलेलं असतं. सुट्टीच्या वेळेला जाऊन ताटात बसा. डाळ दिसते का पाणी दिसतं, लेकरं दुसऱ्यांदा मागतात का, शिजवणाऱ्या ताईंचं मानधन थकलंय का, हे अर्ध्या तासात कळतं.

कायद्यानं पहिली ते पाचवीची शाळा १ किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची ३ किलोमीटरच्या आत पाहिजे. पण किलोमीटर कागदावरचं. वस्तीशाळेच्या वाटेवर ओढा आहे, पाऊस झाला की दोन-दोन दिवस लेकरं पलीकडं जाऊ शकत नाहीत. केंद्रशाळेला जायचं तर हायवे ओलांडावा लागतो. आठ वर्षांच्या पोरीला तिथून एकटं पाठवता येतं का, हा प्रश्न गुणपत्रिकेत नसतो, पण आई तोच आधी विचारते. माझ्या घरी तोच पहिला निघाला.

व्यवस्थापन समिती आहे, पण बैठक होते का

प्रत्येक शाळेत व्यवस्थापन समिती असते. कायद्यानं तिच्यात पाऊणभर सदस्य पालक पाहिजेत आणि निम्म्या महिला. अध्यक्ष पालकांमधला, सचिव मुख्याध्यापक. इतिवृत्ताची वही मागा आणि वाचा. "मागील इतिवृत्त कायम करण्यात आले" एवढंच दर महिन्याला असेल आणि सह्या एकाच दिवशी केल्यासारख्या दिसत असतील, तर समिती कागदावर आहे. लेकरांच्या वाचनावर शेवटची चर्चा कधी झाली, ते शोधा. मी तिन्ही शाळांच्या वह्या बघितल्या. खोलीचं गळणं, कंपाउंड, सहल, सगळं होतं. वाचनावरचा ठराव एकाच वहीत सापडला, वस्तीशाळेच्या.

आपली माणसं ठरवतात तेव्हा शाळा कुठवर जाते, याची उदाहरणं आपल्याच राज्यात आहेत. सोलापूर जिल्ह्यातल्या माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या झेडपी शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० चा ग्लोबल टीचर प्राइज मिळाला. पुणे जिल्ह्यातल्या खेड तालुक्यातली जालिंदरनगरची शाळा बंद पडायच्या बेतात आली होती. तिनं गावाच्या साथीनं उभारी घेतली आणि २०२५ ला जागतिक पातळीवरच्या शाळा पुरस्कारात लोकांच्या पसंतीचा मान मिळवला. तिथं मुलं एकमेकांना शिकवतात, येणारं लेकरू न येणाऱ्याला समजावून सांगतं. ही पद्धत दोन शिक्षकी शाळेला पैशाशिवाय जमण्यासारखी आहे.

लेकरू काढण्याआधी हा हिशेबही करा

शाळेचे शिक्षक पटावर ठरतात. ३० सप्टेंबरच्या पटावरून संचमान्यता होते, आणि आता आधार जुळलेली मुलंच धरली जातात. म्हणजे आधारमध्ये नाव चुकलं तरी लेकरू वर्गात असून हिशेबात नाही. पट सीमेवर असेल तर दोन-चार लेकरं गेली की एक शिक्षक जातो. शिक्षक गेला की आणखी चार पालक काढतात. शेवटी राहतात ती ज्यांना कुठंच जाता येत नाही त्यांची लेकरं.

कुणी आपलं लेकरू दुसरीकडं घातलं म्हणून मी नावं ठेवणार नाही. प्रत्येकाला आपल्या लेकराचं बघायचंच असतं. पण व्हॅनला महिन्याला पैसे मोजून नेलेल्या शाळेतसुद्धा हीच गोष्ट आणि हीच वजाबाकी घेऊन बघा. मग ठरवा.

माझं काय ठरलं

मी गावच्या शाळेत वजाबाकी दिली तेव्हा ९ पैकी दोघांनाच हातचा जमला. न जमणाऱ्यांत माझी मुलगी होती. गोष्ट तिनं धडाधड वाचली, पण ५२ मधून २७ वजा करताना ३५ लिहिलं. रोज ती घरी यायची, मी विचारायचो, "काय शिकलीस?" ती म्हणायची, "गणित." माझं समाधान व्हायचं. वही कधी उघडली नव्हती.

बाईंना विचारलं. त्यांनी लपवलं नाही. दुसऱ्या सत्रात त्यांचे सोबती शिक्षक बरेच दिवस बाहेरच्या कामात होते, चारही वर्ग त्यांच्याकडं होते, आणि वजाबाकी त्याच दिवसांत होऊन गेली. घरी बोललो. केंद्रशाळेत टाकायचं का? हायवेचा प्रश्न होता, आणि तिथंही निकाल सारखाच. वस्तीवर चांगलं वाटलं, पण एक गुरुजी आणि मधे ओढा. तेव्हा ठरलं, चौथी गावातच.

पण गप्प बसायचं नाही असंही ठरलं. समितीच्या बैठकीत नऊ लेकरांचा कागद ठेवला, कुणाचंही नाव न घेता. पहिल्यांदा थोडी चिडचिड झाली, "तुम्ही काय तपासणी अधिकारी आहात का?" मग एका आईनं विचारलं, "माझ्या पोराला येतं का?" तिथून बैठकीचा सूर बदलला. ठराव असा झाला : जूनपासून शाळा भरण्याआधी अर्धा तास, चौथीतली येणारी मुलं न येणाऱ्यांना घेऊन बसणार, दोन पालक आळीपाळीनं थांबणार, आणि दिवाळीआधी पुन्हा हीच चाचणी. टोळ्या निघायच्या आधी, म्हणजे सगळी लेकरं हजर असताना.

भावकीतल्या त्या माणसाला मी शाळेचं नाव सांगितलं नाही. हे प्रश्न लिहून दिले, तेच तुम्हालाही देतो :

१. गेल्या तीन वर्षांत पट वाढला का घटला?
२. मंजूर शिक्षक किती, रोज हजर किती, एकाकडं वर्ग किती?
३. तिसरीतल्या किती लेकरांना दुसरीची गोष्ट वाचता येते, हातच्याची वजाबाकी येते?
४. त्यातली वर्षभर शाळेत होती किती, फडावर गेली किती?
५. टोळ्या निघण्याआधी शाळेनं काय केलं?
६. मुलींच्या स्वच्छतागृहाला दार, कडी आणि पाणी आहे का?
७. ताटात काय असतं?
८. पावसाळ्यात वाट चालू असते का?
९. समितीच्या वहीत अभ्यासावर शेवटचा ठराव कधीचा?
१०. आणि आपण पालक म्हणून शाळेत शेवटचं कधी गेलो होतो?

दहावा प्रश्न मलाच अवघड गेला. शाळा उघडली की पहिल्या आठवड्यात जाऊन या. पेरणी एक दिवस थांबली तरी चालतं.